देवीचा ड्रायव्हर आणि मिरगीची गोळी

मला मिरगी आहे. काही लोक फेफरं म्हणतात, शिकलेले लोक फिट म्हणतात, आणि आमच्या मोहल्ल्यात तर नावच घेत नाहीत, नुसतं 'ते' म्हणतात. मी नाव घेतो. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय. नाव घ्यायलाच लाजलो तर पुढचं काय डोंबल लिहिणार?

आधी माझी ओळख. नाव महेबूब, राहणार उस्मानाबाद, काम एस.टी.च्या ड्रायव्हरचं. निजामाच्या अमलात सरकारी मोटारीवर क्लीनर म्हणून लागलो. पुढं संस्थान विलीन झालं, राज्यं बदलली, साहेब बदलले, गाडीचा रंगसुद्धा बदलला, स्टिअरिंग मात्र माझ्याच हातात राहिलं. सोलापूर, तुळजापूर, उस्मानाबाद ही माझी लाईन. तुळजापूरच्या घाटातून गाडी मी अशी उतरवायचो की आईच्या मांडीवर झोपलेलं पोर जागं होत नसे. हे मी म्हणत नाही, बाया म्हणायच्या. बरं, मीही म्हणतो.

स्टँडवर

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नवरात्राचे दिवस होते. सोलापूरहून गच्च भरलेली गाडी मी तुळजापूरच्या स्टँडवर लावली, माणसं उतरली आणि मी बोनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागलो. हातात बादली होती एवढं मला आठवतं. पुढचं सगळं माझ्या कंडक्टरनं, विश्वनाथनं, सांगितलं. तेही एकदम नाही, माझी तब्येत बघून थोडं थोडं.

मी पडलो. अंग ताठ झालं, मग झटके यायला लागले, डोळे पांढरे झाले. दुसऱ्या एखाद्या गावात कुणी असा पडला असता तर लोकांनी त्याच्या नाकाला वहाण लावली असती. पण हे तुळजापूर, त्यात नवरात्र, आणि आजूबाजूला सगळी देवीला आलेली माणसं. गळ्यात कवड्यांची माळ घातलेली एक आराधीण पुढं आली, तिनं हात जोडले आणि 'आई राजा उदो उदो' सुरू झालं. देवी एका मुसलमान ड्रायव्हरच्या अंगात कशी येईल, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. देवीला वाटलं तर ती कुठंही येईल. कुणी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, कुणी पायाशी नारळ ठेवला. एका बाईनं तर मुलीचं लग्न कधी जमेल हेही विचारून घेतलं.

विश्वनाथची मात्र पंचाईत झाली. त्याच्या चुलत्याला फेफरं यायचं, त्यामुळं त्यानं ओळखलं होतं. पायातली वहाण त्यानं काढूनही घेतली होती. पण खरोखर देवीच असली तर तिच्या नाकाला वहाण लावायची कशी? बिचारा वहाण पाठीमागं धरून उभा राहिला. वहाण हुंगवून काहीही होत नाही, हे पुढं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे देवीनं मला निदान विश्वनाथच्या वहाणेपासून तरी वाचवलं.

शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावली गेली होती. विजार ओली होती. बादली अंगावर सांडलेली, म्हणून ते लोकांना कळलं नाही, पण मला कळलं, आणि विश्वनाथलाही. आराधीण माझ्यावर वाकून विचारत होती, "आई, काय सांगती?"

मी म्हणालो, "गाडीची वेळ झाली."

या बोलण्याचे लोकांनी काय काय अर्थ लावले ते अल्लालाच माहीत. एका म्हाताऱ्यानं म्हणे घरी जाऊन घाईघाईनं मुलांमध्ये शेताच्या वाटण्या करून टाकल्या. गाडी उस्मानाबादला दुसऱ्या ड्रायव्हरनं आणली. मी प्रवाशांच्या बाकावर बसून आलो आणि सगळी गाडी माझ्याकडं हात जोडून बघत होती.

घरी

कपाळावरचं कुंकू बघून अम्मांनी, म्हणजे माझ्या आईनं, दारातच छाती पिटली. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत सांगतो. अम्मांचं म्हणणं, हा जिन्न आहे, ओढ्याकाठच्या चिंचेखाली गाडी लावून हा डबा खातो, तिथंच धरलं असणार. लगेच दंडाला ताईत बांधला गेला. एकाच दिवसात माझ्या अंगात देवी आणि जिन्न दोघंही राहायला आले आणि घरमालकाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

डेपोनं मला विश्रांती दिली होती. चक्कर आली असेल असंच साहेबांना वाटलं. तेवढ्यात आमचे थोरले ड्रायव्हर गुंडप्पा घरी भेटायला आले. नळदुर्गकडचे, घरी कानडी बोलणारे, मिशीला पीळ देत बोलायची सवय. त्यांनी बातमी आणली की स्टँडवर लोक 'देवीचा ड्रायव्हर कवा येणार' म्हणून विचारतायत. माझ्या गाडीत बसलं की घाटात काही होणार नाही, असा बोलबाला झाला होता. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं मेहनतीनं नाव कमावलं होतं, आता ते फुकटात दुप्पट झालं.

दुसरी फिट घरातच आली, सकाळी भाकरी खाताना. डोकं चुलीच्या कडेवर आपटलं. मला दोन मुली. शुद्ध आली तेव्हा थोरली रडत होती आणि धाकटी दाराआड जाऊन उभी होती. मी हाक मारली तर ती आली नाही. या आजारात जीभ चावली, डोकं फुटलं, सगळं सोसलं, पण पोटच्या पोरीला आपली भीती वाटावी यासारखं दुखणं नाही. ते मी आजही विसरलो नाही.

माझी बायको जैनब कमी बोलते. तिनं माझं डोकं बांधलं आणि म्हणाली की देवी असो नाहीतर जिन्न, दोघंही चार दिवस थांबतील, आधी सोलापूरच्या दवाखान्यात जाऊ.

निदान

दवाखान्यात डॉक्टरांनी मला फार काही विचारलंच नाही. म्हणाले, तुम्ही तर बेशुद्ध होता, ज्यानं बघितलं त्याला बोलवा. म्हणून विश्वनाथ आला. त्यानं आराधिणीपासून नारळापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हसू दाबलं आणि विचारलं, जीभ चावली होती का, कपडे ओले झाले होते का. विश्वनाथ छताकडं बघायला लागला. आपल्या ड्रायव्हरची अब्रू त्याला डॉक्टरपुढंही काढायची नव्हती. मीच म्हणालो, सांग बाबा, बादलीचं पाणी नव्हतं ते.

मग डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं. मेंदूचा आजार आहे. पाप नाही, शाप नाही, संसर्ग नाही. रोज गोळी घ्यायची, आपल्या मनानं बंद करायची नाही. फिट आली तर घरच्यांनी कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बिमचा काही घालायचं नाही. शेती करा, संसार करा, नमाज पढा.

सुटलो म्हणत मी उठायला लागलो. तेव्हा ते म्हणाले, "बसा. तुमचा धंदा काय?"

मी सांगितलं. अभिमानानंच सांगितलं.

"ते बंद," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांना समजावून सांगितलं की मी साधा ड्रायव्हर नाही, माझ्या हातून कधी कोंबडीसुद्धा मेलेली नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की फिट येणार हे तुम्हाला आधी कळतं का. मला कळत नव्हतं. बादली हातात होती, एवढंच आठवत होतं. बादलीच्या जागी स्टिअरिंग असतं तर, हे त्यांना म्हणावं लागलं नाही.

वॉर्ड

गोळीचं माप बसेपर्यंत मला तिथं ठेवून घेतलं. सकाळी झाडूवाला, मग चहा, मग नर्सबाई हातावर गोळी ठेवून गिळेपर्यंत समोर उभी. गोळीनं मला इतकी झोप यायची की जेवतानाही पेंगायचो. पहिले दिवस असेच जातात, घाबरू नका, पुढं अंगवळणी पडतं. जैनब रोज पहिल्या गाडीनं भाकरी घेऊन यायची. माझीच लाईन, पण ती मला सांगायची की आज कुणी गाडी कशी आणली. घाटात कोण जोरात वळवतो हे तिला बसल्या जागी कळायला लागलं होतं.

शेजारच्या खाटेवर एक गाडीवान होता. पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. पहाटे त्याची बैलगाडी रस्त्यानं चालली असताना मागून ट्रक येऊन घासला. मी ड्रायव्हर आहे कळल्यावर पहिला दिवस त्यानं माझ्याकडं तोंडच केलं नाही. दुसऱ्या दिवशी पानाला चुना मागितला आणि बोलायला लागला. म्हणाला, "त्येचा डोळा लागला व्हता. माजाबी लागला व्हता. जागी व्हती ती फकस्त बैलं. त्येंनी कडंला वडलं म्हून मी ऱ्हायलो."

मी विचारलं, त्या ड्रायव्हरचा राग येतो का. तो म्हणाला, "झोपंचा राग न्हाय. निगायच्या आदी त्येनं कुनाला तरी सांगाया पायजे व्हतं, की आज मला जमत न्हाय म्हून."

आणि सांगितलं असतं तर त्याचा मालक काय म्हणाला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यामुळं आम्ही पान खाल्लं.

जैनबचं उत्तर

घरी आलो. फिट थांबल्या. रजा वाढवत महिने गेले, तरी एकही आली नाही. धाकटी पुन्हा माझ्या पाठीवर चढायला लागली. आता खरा घोळ सुरू झाला. डेपोत आजाराचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. विश्वनाथला माहीत होतं, पण त्याच्या तोंडातून तिकिटाशिवाय काही निघत नसे. अम्मा म्हणायच्या, ताईतानं जिन्न गेला, आता कशाला बोलायचं? गुंडप्पांना सगळं सांगितलं तर तेही म्हणाले, गोळी घे आणि गाडी घे. ड्रायव्हरच्या हातून गाडी गेली की त्याला घरात कोण विचारतं, हा त्यांचा सवाल. मला दुसरं काही येतच नव्हतं. पगार गेला तर मुलींचं काय, ही काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर महेबूब ड्रायव्हर हे नाव गेलं तर उरलेला महेबूब कोण, हे मला माहीत नव्हतं आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

चैत्री पौर्णिमेची जत्रा आली. जादा गाड्या सुटणार, ड्रायव्हर कमी. साहेबांनी निरोप धाडला की बरा असशील तर हजर हो, लोक तुझ्याच नावानं विचारतायत.

त्या दिवशी दुपारी जैनब सुपात ज्वारी पाखडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "मी घाटातून गाडी नेली तर तू माझ्या गाडीत बसशील?"

सूप थांबलं. तिला खोटं बोलता येत नाही, आणि माझं मनही मोडवत नाही. बराच वेळ तिनं एकेक खडा वेचला.

मग म्हणाली, "बसेन की. मुलींना अम्मांजवळ ठेवून."

एवढंच. ती पुन्हा पाखडायला लागली. मी उठून अंगणात गेलो आणि रडलो. ही बाई माझ्याबरोबर मरायला तयार होती, पण मुलींना माझ्या गाडीत बसवायला तयार नव्हती. आणि गाडीतली सगळी माणसं कुणाच्या तरी मुलीच असतात.

सगळ्यांसमोर

साहेबांना खोलीत जाऊन हळूच सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण जत्रेच्या गर्दीत साहेब खोलीत कुठले? ते आवारात गाड्या लावत उभे होते. मला बघून त्यांनी लांबूनच हात केला, पुढची गाडी तुझी. लोकांनी मला ओळखलं आणि रांग मोडून ते माझ्या गाडीकडं धावले. एकानं टायरला हात लावून तो कपाळाला लावला.

मी म्हणालो, "साहेब, मला मिरगी आहे. मी गाडी नेणार नाही."

साहेब म्हणाले, हळू बोल. पण मला हळू बोलता येत नाही, आयुष्य इंजिनाशेजारी गेलं. मी आणखी मोठ्यानं सांगितलं की त्या दिवशी देवी नव्हती, आजार होता, आणि तो घाटातसुद्धा न सांगता येऊ शकतो. टायरला हात लावणारा माणूस जरा बाजूला सरकला.

गर्दीतून एक म्हातारी पुढं आली, माझ्याकडं नीट बघत म्हणाली, "देवी न्हाय कशी? ह्ये तुज्या तोंडनं कुनी बोलिवलं मग?"

मी तिला हात जोडले.

गुंडप्पा मात्र पेटले. माझी गाडी त्यांनाच न्यावी लागली. चढता चढता म्हणाले, "स्वतःच्या पोटावर पाय दिलास ते दिलास. उद्या आमाला बी तपासत्याल की, त्येचं काय?"

नवं काम

पुढचे काही महिने वाईट गेले, ते लांबवत नाही. जैनबनं लोकांचे कपडे शिवले. नोकरी जाणार की राहणार याचा फैसला होत नव्हता. शेवटी साहेबांनीच वर खटपट केली आणि मला नव्या ड्रायव्हरांना शिकवायला ठेवलं. मी शेजारी बसायचो, हात मांडीवर, आणि तोंडानं घाट उतरवायचो. पहिल्यांदा तळहात शिवशिवायचे. मग एक दिवस माझ्या हाताखाली शिकलेला ड्रायव्हर घाट उतरला आणि मागं एक पोर आईच्या मांडीवर गाढ झोपलेलं मला दिसलं. त्या दिवशी माझी छाती जी फुगली ती अजून उतरलेली नाही.

साहेबांकडून मी आणखी एक गोष्ट मागून घेतली. सकाळी गाडी ताब्यात देण्याआधी मी प्रत्येक ड्रायव्हरला विचारणार, तब्येत कशी आहे. जो म्हणेल आज जमत नाही, त्याला त्या दिवशी आवारातलं दुसरं काम, पगार तोच, आणि त्याला कुणी हसायचं नाही. साहेब कबूल झाले. ड्रायव्हर मात्र कित्येक महिने 'झकास' याशिवाय काही बोलले नाहीत. गुंडप्पा तर उत्तर न देता नुसती मिशी पिळून जायचे.

पुढच्या काही वर्षांत रस्ते सुधारले. नवं राज्य कामाला लागलं होतं. घाटाला दगडी कठडे आले, वळणावर पाट्या आल्या, रस्त्याकडेच्या झाडांना चुन्याचे पट्टे आले. बैलगाडीवाल्यांना मागं कंदील लावायला सांगत आम्ही बाजाराच्या दिवशी आमच्या जिल्ह्यातल्या भूम-वाशीपर्यंत हिंडलो. हे सगळं बघून ऊर भरून येतो, कारण त्यात माझाही घसा बसलाय. एकदा मुंबईहून मोठे अधिकारी आले आणि त्यांनी ड्रायव्हरांना विचारलं की राज्यातले अपघात कमी करायला आधी काय करावं. कुणी म्हणालं रस्ता रुंद करा, कुणी म्हणालं दिवे चांगले द्या. मी म्हणालो, हे सगळं कराच, पण आधी ड्रायव्हरला 'आज जमत नाही' म्हणता येईल असं करा. ते म्हणाले, त्यानं काय होईल? मी म्हणालो, अजून काही झालं नाही साहेब, पण होईल.

आणि झालं. एका संध्याकाळी सोलापूरची गाडी भरून उभी होती. दिवस मावळतीला आलेला. गुंडप्पा स्टिअरिंगवर बसले होते, इंजिन सुरू होतं. त्यांनी ते बंद केलं. मग खाली उतरले, आवार ओलांडून माझ्याकडं आले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "महेबूब, दिवेलागणीच्या टायमाला मला रस्त्याची कड दिसंना झालीया. लई दिवस झालं. आज मी न्हाय नेत."

या वेळी त्यांनी मिशीला हात लावला नाही. मी त्यांना बाकावर बसवलं आणि गाडीत चढलो. लोक कुरकुरायला लागले होते, एक वकीलसाहेब मला घड्याळ दाखवत होते. मी सांगितलं की ड्रायव्हरनं स्वतः होऊन सांगितलंय, नजर साथ देत नाही. दुसरा ड्रायव्हर जेवायला बसलाय, तो येईपर्यंत गाडी सुटणार नाही.

मग मांडीवर तान्हं घेतलेली एक बाई म्हणाली, "येऊ द्या की मग त्येला पोटभर जेवून."

वकीलसाहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं. मी खाली येऊन गुंडप्पांशेजारी बसलो. दोघांनी चहा घेतला, आणि गाडी आमच्यासमोर शांतपणे उभी राहिली.

मी आयुष्यात शेकड्यांनी गाड्या वेळेवर नेल्या. अभिमान मला त्या उशिरा सुटलेल्या गाडीचा आहे.